तुलाराम दलाल अन् गुड्डीच्या फोनचं कुलूप

आमचा तुलारामभाऊ गेला. अजूनही दिघोरीत कोणी बैल घ्याले निघाला त त्याच्या दाराशी येऊन थांबते, मंग त्याले आठवते, अन् तसाच वापस जाते. त्याची बायको, कुंतावहिनी, आतून पायते.

तुलारामभाऊ बैलाचा दलाल होता. शाळा दुसरीपर्यंत, तेही मास्तर चांगला होता म्हणून. पण बैलाचं तोंड उघडून दात पायले की वय सांगे, हा चारदाती, हा सहादाती, अन् हा त बुढा होय, याले तुमी जवान म्हणून विकून रायले. बाजारात लोक काय नाही करत. बुढ्या बैलाची शिंगं काचेनं घासते, तेल लावून चमकवते. लंगडा असला त चिखलात उभा करते, पाय दिसू नये म्हणून. सुस्त असला त सकाळीच दारू पाजते. हे सारं जनमभर पाहून पाहून भाऊचा सभावच तसा झाला होता. कोणाचंच त्याले खरं नाही वाटे. डाक्टरनं गोळी देली त पहिले विचारे, तुमी सोता खाता का ही? देवळात परसाद भेटला त हुंगून पाहे. कुंतावहिनी म्हणे, "लग्नात माहे दात नाही पायले, एवढं नशीब माहं."

भाऊ म्हणे, "पायले होते. तू हासली तेव्हा."

असा तो माणूस. अन् अशा माणसावर नातीले फोन घेऊन द्याची पाळी आली.

गुड्डी त्याच्या पोराची, योगेंद्रची पोरगी. योगेंद्र अन् त्याची बायको पुण्याकडं कंपनीत कामाले, पोरगी लहानपणापासून आबाजीजवळच. अभ्यासात हुशार. लाखांदूरले सायन्सले टाकली होती, यष्टीनं जाये अन् यष्टीनंच ये. तिले नर्स व्हाचं होतं. बारावी लागली तसं कालेजातले सर लोक अर्धा अभ्यास मोबाईलवरच पाठवू लागले. गुड्डी रोज मैत्रिणीच्या फोनातून पाहून कागदावर उतरवून आणे. एक दिवस मैत्रीण नाही आली, त हिचा अभ्यास राहून गेला. सरनं उभं केलं.

योगेंद्रनं फोन करून सांगतलं, "बाबा, महागाचा नोको. साधासाच स्मार्टफोन घेऊन द्या तिले. पैसे म्या टाकतो."

गावात एका घरी फोनपायी पोरगी पळून गेली होती, तेच भाऊच्या डोक्यात बसून होतं. मंग म्हणे, "घेतो. पण गुड्डे, आताच सांगून ठेवतो. फोनमधी काही भलतं दिसलं त फोनही बंद अन् कालेजही बंद. चालते?"

"चालते, आबाजी."

लगेच हाव म्हणली म्हणून भाऊले तिथीच शक आला. पण आता बोलून चुकला होता.

दोघं लाखांदूरले गेले. स्टँडाजवळ अश्विनचं मोबाईलचं दुकान आहे. अश्विननं काचेच्या टेबलावर दोन-तीन डबे मांडले. "आबाजी, हा घ्या. पोरीच्या अभ्यासाले एकदम बरोबर. ब्याटरी दोन दिवस चालते."

"दोन दिवस तू चालवून पायला का?"

"कंपनी म्हणते ना."

"विकणारा त म्हणनच. उघड डबा."

"डबा आता नाही उघडता येत, सील आहे. पैसे देल्यावर तुमच्यासमोरच उघडतो."

भाऊनं गुड्डीकडं पायलं. "पाय. झूल पांघरलेला बैल विकून रायला हा. म्हणते, पैसे द्या मंग झूल काढतो."

"आबाजी, नवीन फोन असाच भेटते," गुड्डी हळूच बोलली.

"अन् हा समोर उघडा ठेवला तो काय होय मंग?"

"तो दाखवाचा होय," अश्विन म्हणे.

"म्हणजे दाखवाचा एक अन् द्याचा दुसरा! अरे बाप्पा, एवढं त बैलबाजारातही नाही करत कोणी." मंग त्यानं तो उघडा फोन पलटवला. मांगं कॅमेऱ्याचे चार गोल होते. "याले चार डोळे. दिसते किती डोळ्यानं?"

अश्विन म्हणे, "तसा... फोटो एकानंच निघते."

"बाकीचे शिंगाले तेल."

भाव कराची भाऊची एकच रीत. खांद्यावरचा दुपट्टा समोरच्याच्या हातावर टाकाचा अन् खालून बोटं धराची. कोणतं बोट धरलं त्यावरून आकडा समजते, अन् बाजूच्या माणसाले काहीच नाही समजत. बैलबाजारात साराच सौदा असा होते. भाऊनं अश्विनच्या हातावर दुपट्टा टाकला अन् त्याची दोन बोटं घट धरली. अश्विननं झटका मारून हात मांगं घेतला.

"काय करून रायले, आबाजी?"

"भाव करून रायलो. चार लोकाईसमोर मोठ्यानं भाव करते काय कोणी?"

"भाव डब्यावर लिवून आहे ना!"

"मंग तू इथी कायले बसला?"

दुकानातले सारे हासले. गुड्डीचं तोंड लाल झालं. अजून दोन दुकानं पायले, तिथीही तसंच. शेवटी फोन न घेताच यष्टीत बसले. गुड्डी दिघोरी येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसली.

भाऊचं म्हणणं एकच, बाजारचा बैल घेऊ नये, घरचा घ्यावा. कोणाच्या वावरात कामाले होता, काय खाये, कोणाले मारते का, हे साऱ्याईले मालूम पायजे. त फोनही घरचाच घ्याचा. कोंढ्याचा जागेश्वर त्याचा जुना दोस्त. भाऊनं त्याले बैलाच्या दोन जोड्या घेऊन देल्या होत्या अन् दोन्ही चांगल्या निघाल्या होत्या. जागेश्वरचा पोरगा हैदराबादले कामाले गेला, तिथी त्यानं नवा फोन घेतला, अन् जुना घरीच ठेवून गेला होता. जागेश्वरची बायको त्याच्यावर भजन आयके.

भाऊ कोंढ्याले गेला. फोन हुंगला. खालच्या भोकात फुंकून पायलं. मंग कानाले लावून साऱ्या आंगणात चकरा मारल्या, इकडून आवाज येते का, तिकडून येते का. काचेवर एक ओरखडा होता तो बोटानं घासून पायला. शेवटी दुपट्ट्याखाली बोटं धरून सौदा झाला. जागेश्वरनं कसलीच कुरकुर नाही केली. घरी येऊन भाऊ म्हणे, "हा होय जनावर. काम केलेलं, घर माहीत असलेलं."

गुड्डीले तो ओरखडाही चालला. ती खूश होती.

पण भाऊले चैन नव्हतं. जेवण झालं की तो फोन मांगे. वाचता येये नाही, मंग फोटो पाहे. "हा कोण होय?"

"आमचे सर, आबाजी. हृदय शिकवून रायले."

"सर एवढा जवान काहून?"

"सर जवान नसते काय?"

"अन् हे लाल-लाल काय होय?"

"तेच हृदय होय ना!"

भाऊ फोन दूर धरून बराच वेळ पाहे. मंग देऊन टाके. असं रोज चाले, अन् गुड्डी रोज काही न लपवता दाखवे.

एक दिवस संध्याकाळी भाऊनं फोन मांगला. गुड्डीनं देला, पण तिचं तोंड उतरून होतं. फोनवर आकडेच आकडे आले अन् पुढं काहीच उघडेना.

"खोल."

"नाही खुलत, आबाजी. कालेजात होती तेव्हाच कुलूप लागलं. आपोआप."

"आपोआप?"

"देवाशपथ. म्या काहीच नाही केलं. सारे आकडे टाकून पायले, नाही खुलत."

भाऊ उठून उभा रायला. "बैल कधी आपोआप दाव्याले बांधून घेते काय? कुलूप लावणारा हात लागते. आजपर्यंत उघडा होता, आजच कायचं कुलूप? काय लपवाचं आहे?"

"काहीच नाही ना!"

"मंग नंबर सांग."

"मले मालूम असता त सांगतलं नसता काय?"

ती रडू लागली. भाऊनं रडणंही खरं नाही मानलं. तो म्हणे, बाजारात त बैलाचे मालकही रडते. दुसऱ्या दिवशी त्यानं तिले यष्टीत बसू नाही देलं. वरून एक वाईट काम केलं. पानठेल्यावर कोणी विचारलं, गुड्डी काहून दिसत नाही स्टँडावर, त हा सांगून मोकळा झाला, "फोनले कुलूप लावून ठेवते. घरी बसवली." पानठेल्यावरची गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या गावात जाते. तशी गेली. अन् जाता जाता तिच्यात एक पोट्टाही जुडला, कोणत्या गावचा तेही लोकाईनंच ठरवून टाकलं.

रोवण्याचे दिवस होते. गुड्डी आजीसंगं बांधीच्या चिखलात धान रोव्याले जाऊ लागली. तिथल्या बायका गाणं म्हणत अन् मधातच चूप होत, हिच्याकडं पाहून. गुड्डी खाली वाकून रोवतच राहे. घरी आली की पाण्याचा लोटा आबाजीसमोर ठेवे अन् आत जाये. बोलणं बंद.

कुंतावहिनी एक दिवस भाताचं ताट वाढता वाढता बोलली, "बैलाले बोलता नाही येत म्हणून तुमी त्याच्या तोंडात हात घालता. हिले त बोलता येते ना? मंग आयका ना ते काय म्हणते."

"लबाड माणूसही बोलतेच."

"तुमच्या बाजारात. हे घर होय."

भाऊनं ताट सरकवलं. पण उठला नाही.

बऱ्याच दिवसानं जागेश्वर गाडीवर आला. दारातूनच ओरडला, "तुलाराम, फोन कुठी आहे?"

भाऊले वाटलं हा सौदा मोडाले आला. "कायले पायजे?"

"अरे कुलूप लागलं ना त्याले? माह्या पोरानं लावलं ते!"

गुड्डी आंगणात पाय धुऊन रायली होती. तशीच थांबली.

जागेश्वर खाटेवर बसला अन् सांगू लागला. त्याच्या पोराले नव्या फोनात जुना फोन कुठी आहे ते दिसते म्हणे. फोन कोंढ्याले पायजे त दिघोरी-लाखांदूर दिसून रायला. बापानं विकला हे त्याले कोणी सांगतलं नव्हतं. त्याले वाटलं चोरी झाली. त्यानं हैदराबादेत बसूनच कुलूप ठोकलं.

"मंग तुले काहून नाही सांगतलं त्यानं?" भाऊनं विचारलं.

"त्याले घरच्याईवरच शक! माह्या भावाच्या पोरावर. म्हणे, सांगतलं त चोर सावध होईन. चूपचाप पाहून रायला चोर कुठी कुठी जाते. पण चोर दिघोरी सोडूनच नाही जाऊन रायला म्हणे. शेवटी आज चिडून मलेच विचारलं." जागेश्वर हासला. "पोरगा माहा, पण गेला तुह्यावर."

कोणीच हासलं नाही. चोर दिघोरी काहून नाही सोडत होता, ते त्या घरात साऱ्याईले मालूम होतं.

जागेश्वरनं पोराले फोन लावून नंबर विचारला, आकडे टाकले, फोन उघडला. हृदयाचा फोटो तसाच समोर आला. त्यानं फोन गुड्डीकडं केला. तिनं हात पुढं नाही केला. म्हणे, "आबाजीले द्या. त्याइलेच पायजे होता नंबर." अन् आत गेली.

दलाल माणूस परख चुकली असं कधी म्हणत नाही. म्हणला त दुसऱ्या बाजारी त्याच्याजवळ कोण येईन? आमचा भाऊ जनमभर नाही म्हणला. त्या दिवशी जागेश्वरले संगं घेऊन तो सरळ पानठेल्यावर गेला अन् मोठ्यानं बोलला, "आयका रे. पोट्टीनं कुलूप नव्हतं लावलं. माही परख चुकली."

ठेल्यावरचा एक जण तंबाखूचा खर्रा घोटता घोटता म्हणे, "नातीले वाचवून रायले वाटते, आबाजी."

"अरे हा जागेश्वर आहे ना समोर! याच्या पोरानं लावलं."

"तो त तुमचाच दोस्त."

कोणाले पटेच ना. भाऊ सांगून सांगून थकला. आपलं खरं बोलणं कोणी खरं मानत नसन त कसं लागते, ते त्याले बुढापणी समजलं. शेवटी दुपट्टा झटकून म्हणे, "नोका मानू. पण तिचं नाव घेसान त माह्याशी गाठ आहे." त्या साली त्याच्याकडं गिऱ्हाईक कमी आले. परख चुकते म्हणे आता बुढ्याची.

घरी आला. गुड्डी चुलीजवळ बसून होती. भाऊनं फोन तिच्यासमोर पाटावर ठेवला. "त्या पोट्ट्याचं कुलूप काढ. तुहं लाव."

"कोणतं लावू? तुमीच सांगा नंबर. मंग शक नोको."

"मले नोको सांगू."

"अन् उद्या मांगसान तेव्हा?"

"नाही मांगत."

गुड्डीनं त्याच्याकडं पायलं, बैल घेणारा पायते तसं, खरं का खोटं म्हणून. भाऊनं तोंड गोठ्याकडं केलं अन् तसाच उभा रायला. मांगून टिक टिक आवाज आला. मंग बंद झाला. तरी तो वळला नाही.

"झालं, आबाजी."

"सकाळी यष्टी आहे. लवकर निज."

दुसऱ्या दिवशी तो सोता तिले कालेजात घेऊन गेला अन् सरले म्हणला, पोरगी माह्यापायी घरी रायली, तिचं काही चुकलं नाही. सर खरंच जवान होता. भाऊनं त्याले वरपासून खालपर्यंत पायलं, अन् हात जोडून वापस निघाला. गुड्डी लगेच नाही बोलू लागली. पहिले फक्त हाव-नाही. मंग हळूहळू जेवणाच्या वक्ताले. हृदयाचे किती कप्पे असते ते एक दिवस तिनंच सांगतलं त्याले, न विचारता.

मंग भाऊची छाती दुखू लागली अन् भंडाऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं. तिथीही नर्सले विचारे, ही सुई नवीन होय ना? गुड्डी त्याच्याजवळ राहे. पाणी आणाले, गोळ्या आणाले गेली की फोन त्याच्या उशीजवळ ठेवून जाये. एकदा ती बाहेर होती अन् फोन वाजू लागला. भाऊच्या हाताजवळच होता. तो खाटेवरून जोर लावून ओरडला, "गुड्डे, तुहा फोन वाजून रायला!" बाजूच्या खाटेवरचा म्हणे, आबाजी, तुमीच उचला ना.

"माहा नाही होय," भाऊ म्हणला. अन् हात चादरीत घेतला.