कॉम्ट वेल खूट

पोटासाठी हैद्राबादेत आले तेव्हा माझी शाळा चौथीतच सुटलेली होती. गौलीगुड्यात एका लहानशा दवाखान्यात आयाचं काम मिळालं. तिथली मोठी नर्स हॉलंडची. सगळे तिला सिस्टरबाई म्हणायचे. माझ्या हातून बशी फुटली की ती म्हणायची, “खेफ्ट नीट.” म्हणजे असू दे, काही बिघडलं नाही. गावाकडं बशीपायी पाठ फुटायची. त्यामुळं पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी रडलेच.

रोगी घाबरला की त्याच्या कपाळावर हात ठेवून ती म्हणायची, “कॉम्ट वेल खूट.” होईल सगळं नीट. रोग्याला अक्षर कळायचं नाही, पण तो शांत व्हायचा. एकदा मी विचारलं, खरंच होतं का नीट? ती मोडक्या दख्खनीत म्हणाली, “मालूम नै. मालूम रहता तो कायको बोलती?”

पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांच्या भीतीनं आमच्याकडची गावं उठली. मामानं मायला माझ्याकडं आणून सोडलं. वाटेतच तिला ताप भरला होता. सिस्टरबाईनं तिला खिडकीजवळची खाट दिली आणि कपाळावर हात ठेवून तेच म्हणाली.

“काय म्हणती गं गोरी?” मायनं विचारलं.

“बरी होशील म्हणती.”

“हे तू म्हणतीस. घाबरलीस की तुझा आवाज असाच गोड होतो. तिच्या बोलीत सांग.”

मी सांगितलं. तिनं ते तोंडात घोळवून बघितलं आणि हसली. “खोकल्यावानी लागतंय. खरं असंल मग.”

मग शहरात फौज आली. आबिड्सकडं लोक झेंडे घेऊन निघाले. चालता येणारे रोगी खिडकीशी गोळा झाले.

“आता गावाला जायचं ना गं?” मायनं पडल्या पडल्या विचारलं.

“ताप उतरू दे, की निघू.”

ताप उतरला नाही. माय गेली त्या दिवशी माझ्या वाट्याची फरशी सिस्टरबाईनं स्वतः पुसली, तिकिटाचे पैसेही दिले. तिचे उपकार कसे फेडू?

नांदेडच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं घरी परत निघाली होती, मोठ्यानं बोलत होती, जेवणाचे डबे सोडत होती. एका बाईनं मला भाकरी दिली आणि विचारलं, “एकटीच गं?”

मायच्या अस्थींचं गाठोडं माझ्या मांडीवर होतं.