कोरड्या हातांचा माणूस

कांदिवलीतल्या त्या कार वॉशमध्ये सगळे नखशिखांत भिजलेले असायचे, फक्त तो सोडून. इस्त्रीचा शर्ट, कानामागे पेन. मालकाने प्रत्येकाच्या ड्यूटीची यादी केली होती, पण ओल्या हातांनी टिक केली की कागदाचा लगदा व्हायचा. म्हणून टिक करायला हा कोरडा माणूस ठेवला. धुणारे एक काच पुसून थांबायचे. हा यायचा, गाडीकडे न बघता टिक करायचा, मगच दुसरी काच. इतका निर्धास्त माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बहिणीच्या साखरपुड्याला मुलुंडला निघालो होतो, आधीच उशीर. गाडी ताब्यात घेतली तर मागच्या काचेवर कावळ्याची शीट तशीच, वाळून कडक झालेली.

"भाऊ, हे काय?"

त्याने यादी बघितली. "मागची काच, टिक आहे. हे नंतर पडलं असणार."

"अहो, वर पत्रा आहे!"

त्याने वर बघितलं, बराच वेळ. मग कानामागचं पेन काढलं.

"बरोबर बोललात साहेब. पत्र्यावर लक्ष ठेवायची ड्यूटी कोणाला दिलीच नाही ना."