घसरणारी वाकी

गेल्या संक्रांतीला गंगूबाई कासार यांच्या उजव्या दंडावरची चांदीची वाकी घसरून कोपराशी आली. डॉ. मनोहरराव शिरसाठ यांनी सारा हात चाचपला आणि सांगितले, "गाठ नाही." ऑपरेशनला पाच वर्षे झाली. डॉक्टरांच्या साठीनिमित्त लिहायला बसलो, तेव्हा याहून मोठी बातमी माझ्याकडे नव्हती.

डॉक्टरांशी माझी पहिली भेट याच हातामुळे झाली. गंगूबाई संगमनेरला आमच्या शेजारी राहतात. बांगड्या भरण्यावर त्यांचे घर चालते. त्यांच्या दंडात लिंबाएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून सगळ्यांनी ती चरबीची ठरवली. मीसुद्धा. लेप लावण्यात महिने गेले. अखेर, लढाईमुळे पेट्रोलची टंचाई असतानाच्या त्या दिवसांत, मिळेल त्या मोटारीने मी त्यांना नगरच्या इस्पितळात नेले.

डॉक्टरांनी आधी गाठीला हात लावलाच नाही. दंडावरचा वाकीचा फिकट वळ पाहून विचारले, "वाकी कधी काढलीत?"

"दिवाळीला व्हती, सायेब. संक्रांतीला चढंना."

मग त्यांनी गाठ बोटांनी हलवली, ती सरकली. कोपर वाकवून मूठ आवळायला सांगितली. आता ती जागची हलेना. "ही कातडीखालची नाही, बेटकुळीच्या आतली आहे," ते मला म्हणाले. तुकडा मुंबईला तपासायला गेला. स्नायूचा कर्करोग निघाला, तोही क्वचित आढळणारा.

खांद्यापासून हात काढणे, हाच तेव्हाचा सरळ उपाय होता.

"हात ग्येल्यावर बांगड्या कशानं भरू? पायानं?" गंगूबाई म्हणाल्या.

डॉक्टर स्टूल ओढून समोर बसले. "गंगूबाई, मागे एकाची अशीच गाठ मी साधी समजून नुसती सोलून काढली. ती परत आली. माणूस गेला. चूक माझी होती. तुमची बेटकुळीच मुळासकट काढतो. बोटं चालवणाऱ्या शिरा सुट्या असल्या तर हात राहील. गाठीत गुंतल्या असल्या तर हात काढीन. वचन देत नाही."

गंगूबाईंनी उजव्या हाताची मूठ एकदा मिटली, उघडली. "करा. पन उठल्यावर हात हाय का न्हाई, त्ये आदी सांगा."

एवढ्या नावाजलेल्या सर्जनांनी रोग्यासमोर स्वतःची चूक अशी मांडलेली मी कधी पाहिली नव्हती. आजही ते आठवले की मान आपोआप लवते.

शिरा सुट्या निघाल्या. गंगूबाई शुद्धीवर येऊ लागताच डॉक्टरांनी त्यांचा डावा हात उचलला आणि उजव्या हातावर नेऊन ठेवला.

आता बांगड्या भरताना गंगूबाई प्रत्येकीचा हात चाचपतात. "मूठ आवळ गं," म्हणतात आणि शंका आली की नगरला धाडतात. बहुतेक गाठी साध्याच निघतात. एकदा मीच संकोचून माफी मागितली, तर डॉक्टर म्हणाले, "शंभर साध्या येऊ द्या हो. एक वाईट घरी राहायला नको."

बेटकुळी गेल्याने गंगूबाईंचा दंड बारीक झाला आहे, म्हणून वाकी खाली घसरते. ती ज्या वर्षी अडेल, त्या वर्षी काळजी. येत्या संक्रांतीला त्या तिळगूळ आणि वाकी घेऊन नगरला जाणार आहेत. ती घसरताना पाहायला डॉक्टर अशाच ताठ कण्याने आणि स्थिर हाताने स्टुलावर बसलेले असोत. त्या संक्रांतीला आणि पुढच्या कितीतरी.