डब्यावरून आलेला आवाज

भूतखेत, अंगात येणं, नजर लागणं... यातलं मी काहीच मानत नव्हतो. आजही मानत नाही. म्हणून जे घडलं ते आकड्यांसकट मांडतो.

मी धारूरचा. परवाना घेऊन छंद म्हणून वायरलेसवर बोलणारा, म्हणजे हॅम. माझे मेहुणे महादेवअप्पा नेकनूरचे. कापडाचं दुकान आणि हाच छंद. सरळ रेषेत अंतर चाळीसेक किलोमीटर. मोबाइलचं इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, तेव्हाची गोष्ट.

घशाच्या ऑपरेशननंतर अप्पांचा आवाज बारीक, घोगरा झाला. समोरच्याला कळायचा, पण रेडिओच्या खरखरीत बुडायचा. पलीकडून सारखं, "पुन्हा सांगा, पुन्हा सांगा." शेवटी ते म्हणाले, "बास झालं दाजी. सेट माळ्यावर टाकतो."

मी म्हटलं, एकदा डिजिटल करून बघू. यात कॉम्प्युटर आवाजाचे आकडे करून पाठवतो, पलीकडचा कॉम्प्युटर त्या आकड्यांचा आवाज करतो. खरखर नाही. आला तर स्वच्छ, नाही तर अजिबात नाही. दोन रविवारी अकरा प्रयत्न केले, अकराही फसले. "तिसरा रविवार शेवटचा," अप्पांनी बजावलं.

लेव्हल, म्हणजे माइकच्या आवाजाची पातळी, जास्त झाली की हे आकडे बिघडतात, म्हणून त्या सकाळी फोनवर ठरवून आम्ही दोघांनी ती कमी केली. दहा वाजून सात मिनिटांनी स्पीकर बोलला —

"ओ दाजी, हाय का कुनी तिकडं?"

बायको पिठाच्या हातानं धावत आली. "अगं बाई, दादा!" परवान्याशिवाय बोलू नये, हे मी सांगेपर्यंत माइक तिच्या हातात. "दादा, लई साफ ऐकू येतंय रे!"

"तुला कावून येनार न्हाई? माझी बोलनी चोरून ऐकायची सवय लहानपनापास्नं तुझी!"

चार मिनिटं दहा सेकंद. बायको हसत होती, डोळे पुसत होती, गालाला पीठ.

अर्ध्या तासानं अप्पांचा फोन. "दाजी... सेट डब्यावर हाय ओ."

डबा म्हणजे तेलाच्या डब्यात बुडवलेला रेझिस्टर, सेटची सगळी ताकद तोच गिळतो. सेट तपासताना सिग्नल बाहेर जाऊ नये म्हणून एरियल काढून तो जोडतात. परत एरियल लावायला विसरणं ही आम्हा हॅम मंडळींची नेहमीची चूक. पण मग शेजारच्या गल्लीतही आवाज जात नाही, आणि लांबचा आपल्याला येत नाही. दुपारच्या एसटीनं जाऊन पाहिलं. एरियलची वायर खिडकीला गुंडाळलेली, वर टॉवेल वाळत घातलेला.

पुढे मुद्दाम डब्यावर चाळीस प्रयत्न केले. शून्य. एरियलवर मात्र दर रविवारी जमतं. आधीचे अकरा लेव्हलमुळे फसले, तो हिशेब लागतो. त्या चार मिनिटांचा लागत नाही.

बोलणं झालं की हॅम एकमेकांना खात्रीचं कार्ड पाठवतात. मी आठवडाभर सही करीना. अप्पा चिडले, "ऐकलं का न्हाई?"

"ऐकलं."

"मंग तेवढंच लिवा की!"

लिहिलं. अप्पांनी ते कार्ड फ्रेम करून दुकानात लावलंय, गिऱ्हाइकांना त्याच घोगऱ्या आवाजात वाचून दाखवतात. वेळ, तारीख, सही, सगळं बरोबर आहे. फक्त त्यांचा आवाज कुठल्या एरियलवरून आला, त्या रकान्यात मी आडवी रेघ मारली. तिथं काय लिहायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही.