ज्याचं खरकटं त्याने काढावं

माणसं घरात आली की आधी चपला काढतात. तो आधी सिंकखालचं दार उघडून कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचलायचा. खांद्यावरची बॅगही उतरवलेली नसायची. दोन बोटांनी आतलं काहीतरी वर काढायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा आणि आवाज न चढवता विचारायचा, "हे कोणाचं?"

कधी ते बटर चिकनचं प्लास्टिकचं खोकं असायचं, तळाशी बोटभर नारिंगी रस्सा थिजलेला. कधी पिशवीतच सडून काळी पडलेली कोथिंबिरीची जुडी. कधी दोन घास खाऊन टाकलेली पोळी, आणि ती माझी असायची, म्हणजे मी लाटलेली. सगळे एकदम फोनमध्ये डोकं घालायचे.

परदेशात, डँडेनॉन्ग उपनगरातल्या त्या घरात आम्ही सहा जण राहत होतो. आपल्याकडून विद्यार्थ्यांची नुसती रीघ लागली होती आणि डोक्यावर छप्पर मिळणं म्हणजे नशीब काढणं होतं. लीझ, म्हणजे घराचा भाडेकरार, पुण्याच्या एका इंजिनिअरच्या नावावर होती, म्हणून त्याला आम्ही लीझवाला म्हणत असू. पुढच्या खोलीत मी आणि माझा नवरा. तो शिकायला आलेला, मी त्याच्या व्हिसाला बांधलेलं गाठोडं. बैठकीच्या खोलीत चादरीचा पडदा लावून दोन मुलगे, आणि कपडे धुवायच्या जागेला लागून असलेल्या कोंदट खोलीत हा.

घरात बाई मी एकटी. त्यामुळे ओटा, सिंक आणि त्याखालची ती दुर्गंधी माझ्या नावावर कुणी चढवली, ते विचारायची सोयच नव्हती. तुम्हीही अशा घरात राहिला असाल तर तो वास तुमच्या नाकात असेलच. फेब्रुवारीचं, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यातलं ऊन, आठवड्यातून एकदा येणारी कचऱ्याची गाडी आणि पिशवीत पिशवी, त्या पिशवीत आणखी एक पिशवी. बाहेरच्या मोठ्या बिनचं झाकण उचललं की आत पांढऱ्या अळ्या वळवळत असायच्या. मी कितीदा तरी कुंपणाशी जाऊन उलटी केली आहे. शिकलेसवरलेले, इस्त्रीचे शर्ट घालणारे लोक होते हो सगळे. किळस मला अळ्यांची कमी आणि त्यांचीच जास्त यायची.

तो अमरावतीकडचा. युनिमध्ये पर्यावरणाचं काहीतरी शिकत होता आणि शिफ्टला जवळच्याच भाजीच्या गोदामात जायचा. "दिवसभर काकडीला प्लास्टिक गुंडाळतो वहिनी, अन् घरी येऊन सोडवत बसतो," असं म्हणून स्वतःच हसायचा.

पहिल्याच महिन्यात त्याने सगळ्यांना ओट्याशी उभं करून एक नियम सांगितला. ज्याचं खरकटं त्याने काढायचं. ताट ज्याचं त्याने धुवायचं, खोकं ज्याचं त्याने विसळायचं. पडद्यामागच्या मुलांनी तोंडं वाकडी केली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं त्याला चिडवलंही. पण लग्न झाल्यापासून माझ्या बाजूने बोललेला तो पहिला पुरुष होता, आणि ते मी माझ्या नवऱ्याला तोंडावर सांगितलं.

त्याच्या बाकीच्या उद्योगांवर मात्र मी नाक मुरडायचे. जुन्या चादरीच्या पिशव्या शिवून तो भाजीला न्यायचा. फॉस्टर स्ट्रीटवरच्या दुकानात काचेच्या बरण्या घेऊन जायचा आणि डाळ त्यातच घाला म्हणून अडून बसायचा. मागे रांग खोळंबायची आणि त्याच्या शेजारी उभं राहून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कळस म्हणजे गांडुळं. साली कुजवायला त्याने कुठून तरी मूठभर गांडुळं आणली आणि बादलीत घालून माझ्या धुण्याच्या शेजारी ठेवली. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बादली मुकाट्याने लिंबाच्या झाडाखाली गेली.

पण हाताला चव होती. दोडक्याच्या शिरा तो फेकू द्यायचा नाही. तीळ, सुकं खोबरं आणि लसूण घालून खमंग परतायचा. कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग किसून भाजी करायचा, फ्लॉवरचे दांडे आमटीत घालायचा. "काहून फेकता बाप्पा? खायचंच आहे ते," म्हणायचा. हळूहळू डबा हलका झाला. वास गेला. पडद्यामागचे मुलगे चक्क खोकी विसळू लागले. त्या घरात मी पहिल्यांदाच स्वयंपाकघराची खिडकी बंद ठेवून चहा प्यायले.

तेवढ्यात लीझवाल्याची आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली.

बाई गोड. सगळ्यांना बेसनाचे लाडू, मला साडी. दोडक्याच्या शिरांची चटणी तिला इतकी आवडली की रोज पहिल्या घासाला हवी. हा मुलगा किती संसारी आहे, ह्याची बायको नशीबवान ठरेल, असं ती मला दहादा म्हणाली. एका रविवारी जेवताना तिने त्याला मायेने विचारलं, गाव कुठलं. त्याने सांगितलं. मग आडनाव. तेही सांगितलं. मग ती म्हणाली, म्हणजे तुम्ही कोण? त्याने भात कालवत सरळ उत्तर दिलं, "बौद्ध आहोत काकू आम्ही."

"हो का? वा, वा," असं म्हणून तिने पाणी प्यायलं.

दुसऱ्या दिवशी चटणीच्या वाटीला तिने हात लावला नाही. पित्त झालंय म्हणाली. दुपारी लेकाला घेऊन दुकानात गेली आणि प्लास्टिकच्या ताटल्या, वाट्या, पेले, चमचे असे गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन आली. त्या दिवसापासून मायलेकांचं जेवण त्यात. जेवायचं आणि फेकायचं. सिंकला स्पर्श नको आणि आमच्या स्टीलच्या ताटांनाही नको. विचारलं तर म्हणायची, पाणी वाचतं.

मला वाटलं, हे काही माझ्या मनात आलंय तसं नसेल. माणूस शेवटपर्यंत मनाची समजूत घालत राहतो. पण एकदा पोळ्या लाटताना ती माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "आपलं आपण वेगळं ठेवलेलं बरं. तुला कळतंय ना?"

त्या 'आपलं'मध्ये तिने मलाही धरलं होतं. बिनमधल्या अळ्या बघूनही आली नसेल एवढी शिसारी आली. मी म्हणाले, "कळतंय काकू, म्हणूनच किळस येतेय." त्या दिवसापासून माझ्या हातच्या पोळ्याही तिला जड जाऊ लागल्या.

त्या आठवड्यात डबा पुन्हा तुडुंब भरला. संध्याकाळी तो आला, झाकण उचललं. वरणाने माखलेल्या ताटल्यांची चळत वरच होती. त्याने एक उचलली आणि नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्याला विचारायची गरज नव्हती. त्याच्या आईने आणि आजीने जे बघितलं असेल ते त्याला इतक्या लांब येऊन प्लास्टिकमध्ये बघावं लागत होतं.

लीझवाला सोफ्यावर होता. त्याने फोन खाली ठेवला आणि समजुतीच्या स्वरात बोलू लागला. "मेट, रिलॅक्स. आईचं वय झालंय, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. आणि तुला तसंही कचऱ्याचं पॅशन आहे. तर बिन्सचं रोजचं काम तूच बघत जा ना. नो वरीज, आम्ही मध्ये येणार नाही."

मला खात्री आहे, आपण काय बोललो ते त्या गृहस्थाला कळलंही नव्हतं. नाकाने कांदे सोलणाऱ्यांना स्वतःचा वास येत नाही.

तो म्हणाला, "कचरा मी कमी करीन. तुमचा उचलणार नाही."

लीझवाल्याने मग खरा पत्ता टाकला. त्याचा चुलतभाऊ यायचा होता, त्याच्यासाठी ती कोंदट खोली रिकामी हवी होती. सेमिस्टर अर्ध्यावर, परीक्षा तोंडावर, शहरात खोली नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मी भांडले. ताटल्यांचं खरं कारण सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. पडद्यामागचे मुलगे पडद्यामागेच राहिले. माझा नवरा खाली मान घालून बसला, कारण आमचीही खोली लीझवाल्याच्याच मर्जीवर होती. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला त्याचीही किळस आली. ते मी त्याला त्याच दिवशी सांगितलं.

शनिवारी तो गेला. बरण्या, चादरीच्या पिशव्या, गांडुळांची बादली, सगळं गोदामातल्या एका मित्राच्या गाडीत भरलं. काही दिवस त्या मित्राच्या गॅरेजमध्ये झोपला आणि तिथूनच परीक्षा दिली. पंधरा दिवसांत आमच्या बिनमध्ये पुन्हा अळ्या झाल्या. काकू नाकाला पदर लावून म्हणाली की या देशातल्या माशाच वाईट.

वर्षभराने आम्ही स्वतःचं छोटंसं युनिट, फ्लॅटसारखं घर, घेतलं, भाड्याचंच, पण लीझ आमच्या नावावर. त्याला दूरच्या टूवूंबा गावात नोकरी लागली होती. जाण्याआधी जेवायला ये म्हणून मी त्याला बोलावलं. तो हडकला होता. हसायचा तसाच, पण बोलणं कमी झालं होतं. त्यानंतर त्याची भेट झाली नाही. सुरुवातीला फोन यायचे, पुढे तेही विरळ झाले.

त्या दिवशी वरण, भात आणि भरल्या वांग्यांची भाजी होती. जेवण झालं आणि तो सवयीने ताट घेऊन सिंककडे निघाला. तेवढ्यात माझा नवरा उठला. लग्न झाल्यापासून स्वतःचं ताट मी डोळे वटारल्याशिवाय न धुणारा हा माणूस त्याच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने त्याच्या ताटाला हात घातला.

"दे," नवरा म्हणाला.

"राहू द्या ना दादा. मी धुतो."

"दे रे."

दोघांनीही ताट धरलं होतं. ताटात वरणाचा ओघळ होता, वांग्याची देठं होती, काठाला भाताची शितं. कुणीच ओढत नव्हतं आणि कुणी सोडतही नव्हतं. माझ्या नवऱ्याचे डोळे भरून आले होते. मी टेबलाशी बसून राहिले, मध्ये पडले नाही.

मग पाहुण्याने हात सोडला.

नवऱ्याने देठं हाताने बाजूला काढली, शितं पुसली आणि नळ सोडला. तो शेजारी उभा राहून बघत होता, ताट धुऊन होईपर्यंत.