मामीने हळू केलेली गाडी

माझी मामी माणसाच्या तोंडाकडे बघत नसे, हातांकडे बघे. घरी नवं कुणी आलं की चहा देताना तिची नजर त्याच्या बोटांवर. "तोंडाला शिकवता येतं, हात खोटं बोलत नाहीत," म्हणायची. बारावीसाठी मी अंबरनाथ पूर्वेला मामाकडे राहायला गेले, तेव्हा तिने माझेही हात पाहिले आणि निकाल दिला, "इंग्लिश मीडियम. हिला भांडी नकोत."

उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात नव्या मुलींना शिलाई मशीनवर तयार करायचं काम तिच्याकडे होतं. मुलगी यायच्या आधीच मामी तिच्या मशीनचा पट्टा गुपचूप सैल करून ठेवी. मशीन हळू चाले, मुलगी घाबरत नसे. मग रोज थोडा थोडा पट्टा आवळायचा. "तिला कळतसुद्धा नाही," मामी सांगायची, "आणि एक दिवस ती सगळ्यांबरोबर पळत असते."

मामा मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात पॉवर प्रेस चालवायचा. त्या वर्षी त्याला अर्धांगाचा हलका झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं, पण उजवा हात मागे राहिला. डॉक्टरांनी दाबायला दिलेला मऊ चेंडू तो वैतागून कॉटखाली टाकायचा. शेवटी एकदा मला म्हणाला, "तुझ्या कंप्यूटरवर माझी जुनी गाडीची गेम येते का गं?" त्याचा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम केव्हाच बंद पडला होता. मी कंप्यूटरवर इम्युलेटर टाकला, म्हणजे त्या जुन्या मशीनचे गेम कंप्यूटरवर चालवणारं सॉफ्टवेअर. बाणांच्या बटणांवर उजवा हात ठेवून मामा शर्यतीला बसला आणि पहिल्याच वळणावर आपटला. मग पुन्हा. पुन्हा. कीबोर्ड ढकलून उठला.

पण आठवड्याभरात गाडी वळायला लागली. मामा खूश. शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचा, "बघा, गेला झटका!"

एक गोष्ट मला खटकत होती. स्पीकरची वायर नेहमी काढलेली असे. मामी म्हणे, आवाजाने डोकं दुखतं. दिवसभर शिलाई मशीनच्या खडखडाटात बसणाऱ्या बाईचं? एका रविवारी दुपारी मामा पाणी प्यायला उठला तेव्हा मी वायर लावून पाहिली. गेमचं संगीत टेप अडकल्यासारखं रडत रडत बाहेर आलं. मामीने धावत येऊन वायर उपटली.

"मायनसचं बटण," ती कुजबुजली. "तुझा हात चुकून त्यावर पडला होता ना एकदा, गाडी हळू झाली होती. तेव्हाच बघून ठेवलं. रोज थोडं प्लस करते."

"पण मामी, तिकडे खरी प्रेस आहे."

"माहितेय. तोवर पोचेल तो. तू बोलू नकोस."

'तोवर' म्हणजे दिवाळीनंतर. कामावर परत घ्यायचं की नाही ते कारखाना तेव्हा ठरवणार होता. पण दसऱ्याच्याही आधी, एका शुक्रवारी, फोरमनचा फोन आला. "जय भीम, बोला," म्हणत मामाने उचलला आणि ऐकता ऐकता ताठ उभा राहिला. प्रेसवरचा माणूस सोडून गेला होता. सोमवारी ये, तुझीच मशीन आहे.

मामाने युनिफॉर्मला स्वतः इस्त्री केली. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. प्रेसचं काम सोपं वाटतं: पत्रा आत सरकवायचा, हात मागे घ्यायचा, वरून साचा येतो. हात मागे यायला जरा उशीर झाला तर बोटं जातात. अशा अर्ध्या बोटांची माणसं मी त्या घरी चहाला आलेली पाहिली होती.

शनिवारी भाजी दोनदा करपली. "सांगितलं तर मनातून मोडेल," मामी तव्याकडे बघत म्हणाली. "आणि नाही सांगितलं तर..."

रविवारी जेवण झाल्यावर मामा ऐटीत गेम लावून बसला. मामी पदराला हात पुसत आली. तिने स्पीकरची वायर लावली आणि प्लसचं बटण दाबत राहिली. संगीत एकदम ताजं होऊन वाजायला लागलं. "अरे, हेच ते!" मामा हसला, आणि गाडी वळणावर आपटली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्याचं बोट बटणापर्यंत पोचेतो गाडी उलटलेली होती.

"च्यायला, कंप्यूटर बिघडला."

"नाही," मामी म्हणाली. "आज नीट झालाय."

मामा खुर्चीतून तिच्याकडे वळला. "कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मला शिकाऊ पोरगी समजलीस तू?"

संगीत वाजतच होतं. शेवटी मीच कंप्यूटर बंद केला.

सोमवारी मामा तिच्याशी न बोलता गेला. मामी कामाला गेलीच नाही, गॅलरीत उभी राहिली. दुपारी फोन वाजला तेव्हा तिने तो मला उचलायला लावला. राँग नंबर होता. संध्याकाळी मामा आला, चपला काढल्या आणि मला म्हणाला, "सांग तिला, प्रेस नको म्हणालो मीच. माल तपासायला बसवलंय." मामी आत जाऊन भिंतीला टेकली आणि खाली बसली.

त्यानंतर मामा तिच्याशी बोलेना. सगळं माझ्यामार्फत. "मामीला सांग, आमटीत मीठ नाही." मामी समोरच बसलेली असे. "मामाला सांग, मीठ पुढ्यातच आहे." मला मुळात बोलायचा संकोच, आणि त्या घरात मी दोघांचं बोलत होते. मामीला एकदा विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाली, "भाकरी दोन्ही हातांनी मोडतोय ना? मग रागवू दे."

परीक्षा संपली आणि मी बॅग घेऊन निघाले. मामी खालपर्यंत आली. रिक्षा सुरू होणार इतक्यात वरून, गॅलरीतून, मामा ओरडला, "अगं, तिचा चार्जर राहिला! ये, घेऊन जा लवकर!"

मामीने चटकन वर पाहिलं. मग माझ्या खांद्याला धरून हलवत म्हणाली, "ऐकलंस? मला म्हणाला."

आणि चार्जर आणायला, साडी सावरत, ती जिना पळत चढली.