अव्वा कॅमेऱ्यासमोर काय म्हणाली

काल दुपारी भाचीनं एक लिंक पाठवली... ‘मावशी, ही आपली आज्जी का गं?’ उघडून बघते तर कसबा बावड्यातलं आमचं स्वयंपाकघर आणि चुलीपुढं अव्वा, माझी आई. बघवेना मला.

एकोणऐंशी साल असेल. लंडनहून एक बाई इकडच्या बायकांवर डॉक्युमेंटरी करायला आल्या होत्या. त्यांची आई इकडची, पण वाढ सगळी तिकडची... साडी नेसायच्या, मराठी मात्र दोन शब्दांपलीकडं नाही. मी कॉलेजात होते, म्हणून दुभाषी मी! भाव असा खात होते की विचारू नका.

अव्वा माहेरची कानडी. लग्नाआधी तिकडं शाळेत मास्तरीण होती. आमच्या घरात कानडी बोलायची ती फक्त माझ्याशी, तेही हळू आवाजात.

बाईंनी विचारलं, आयुष्यात काही राहून गेलं का? दारात अण्णा, माझे वडील, खुर्ची टाकून बसलेले. अव्वानं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि सरळ कानडीत सांगितलं, “मला शाळा सोडायची नव्हती. यांनी सोडायला लावली. अजून भाकऱ्या थापताना मी मनात वर्ग घेते.”

अण्णांना कानडी येत नव्हतं... पण ते हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे. मी इंग्रजीत खरं सांगितलं असतं तर त्यांना शब्द न् शब्द कळला असता. माझी पाचावर धारण बसली. सांगून टाकलं, ती म्हणते मी सुखी आहे, काही राहिलं नाही.

अण्णा खूश. चहा घेताना बाईंना म्हणालेसुद्धा, आमच्या घरात बाईमाणसाला कशाची कमी नाही.

मंडळी गेल्यावर अव्वानं विचारलं, “सगळं सांगितलंस न्हवं?”

मी हो म्हटलं. तोंड वर करून हो म्हटलं!

पुढं कित्येक वर्षं घरात काही बिनसलं की ती मला हळूच म्हणायची, “असू दे. तिकडं तरी कुणाला ठाऊक हाय की.” मी मान खाली घालून भाजी निवडत बसायची.

अव्वाला जाऊन अकरा वर्षं झाली. फिल्ममध्ये तिचा आवाज बारीक केलाय आणि वर माझं ते खोटं इंग्रजी... नीट कान लावला तर खालून तिचं कानडी अजून ऐकू येतं. लाज वाटली स्वतःची.

अव्वा, चुकलं माझं. तू काय म्हणाली होतीस ते आज सांगितलं बघ... सगळ्यांना.